शॉटरीचं शाकारलेलं घर आणि इंग्लंडमधली लिस्टेड कॉटेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही वॉरिकशरमधल्या एका खेड्यात, सरकारच्या वारसा-यादीत ग्रेड २ म्हणून नोंदलेल्या जुन्या घरात राहतो. पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की त्यांना शॉटरीला नेणं ठरलेलंच. शेक्सपिअरच्या बायकोचं, अ‍ॅन हॅथवेचं माहेर तिथे आहे, शेक्सपिअरच्या जन्मगावापासून, स्ट्रॅटफर्डपासून, जेमतेम दीड किलोमीटरवर. तिथल्या अंगणात उभं राहून लोक जे विचारतात आणि मग आमच्याकडे चहा घेताना भिंतीवरून हात फिरवत जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र केलं आहे. गेल्या काही वर्षांत इथे नोकरीला आलेली मराठी मंडळी अशी घरं विकत घेण्याबद्दलही विचारू लागली आहेत, म्हणून कायद्याचा भाग जरा सविस्तर लिहिला आहे.

कॉटेज म्हणजे झोपडीच ना? मग एवढं मोठं घर कसं?

कारण त्याच्या काळात त्याला कुणी कॉटेज म्हणत नव्हतं. हॅथवे कुटुंब मेंढपाळी आणि शेती करणारं, खाऊनपिऊन सुखी होतं. त्यांच्याकडे नव्वद एकरांहून जास्त जमीन होती आणि घराला ह्यूलँड्स फार्म म्हणत. कॉटेज हा शब्द तेव्हा भूमिहीन किंवा अगदी थोड्या जमिनीच्या माणसाच्या घरासाठी होता. १५८९ मध्ये तर इंग्लंडात कायदाच झाला की नवी कॉटेज बांधायची तर तिच्यासोबत किमान चार एकर जमीन हवी. तो कायदा १७७५ मध्ये रद्द झाला.

गरिबांची खरीखुरी त्या काळातली घरं आज जवळजवळ शिल्लक नाहीत. ती एका-दोन पिढ्यांत मातीला मिळाली. आज आपण ज्यांना ‘जुनी इंग्लिश कॉटेज’ म्हणून फोटोत पाहतो, त्यांतली बरीचशी मुळात बऱ्यापैकी सुस्थितीतल्या शेतकऱ्यांची घरं आहेत. चांगलं ओक परवडलं म्हणून ती टिकली. पाहताना हे मनात असू द्या, नाहीतर पाचशे वर्षांपूर्वी इथला प्रत्येक मजूर असा राहत होता असं वाटायला लागतं.

‘लिस्टेड’ म्हणजे नेमकं काय? सरकारने ताब्यात घेतलेलं?

नाही. मालकी मालकाचीच राहते. घर विकता येतं, भाड्याने देता येतं, लोकांना आत पाहू द्यायची सक्ती नसते. फक्त त्या वास्तूच्या स्वरूपाला धक्का लागेल असा बदल करायचा तर आधी स्थानिक नगरनियोजन खात्याची वेगळी संमती घ्यावी लागते.

या यादीची सुरुवात दुसऱ्या महायुद्धातली. बॉम्ब पडत होते आणि पडझड झालेल्या इमारतींपैकी कोणत्या वाचवायच्या हे ठरवायला वास्तुविशारदांनी गावोगाव याद्या केल्या. पुढे १९४४ आणि १९४७ च्या नगरनियोजन कायद्यांनी त्याला पक्कं रूप दिलं, १९६८ मध्ये संमतीची आजची पद्धत आली आणि सध्या १९९० चा कायदा चालतो. यादी हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था सांभाळते, तिच्यात जवळपास चार लाख नोंदी आहेत. १७०० पूर्वीची आणि बरीचशी मूळ रूपात उरलेली सगळीच घरं यादीत येतात, १७०० ते १८५० मधली बहुतेक येतात.

श्रेण्या तीन. ग्रेड १ मध्ये सुमारे २.५ टक्के, ग्रेड २ स्टारमध्ये ५.८ टक्के, बाकी सगळी ग्रेड २. शॉटरीचं घर ग्रेड १ आहे. मात्र ग्रेड खालचा म्हणजे कायदा सैल, हा गैरसमज इथल्या इंग्रजांमध्येही आहे. संमतीचा नियम तिन्ही श्रेण्यांना सारखाच लागू आहे.

या घराचा सांगाडा कसा उभा राहतो? भिंती तर हातभर जाडसुद्धा नाहीत.

हा माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न, तेव्हा उत्तर लांबणार.

शॉटरीच्या घराचा सर्वात जुना भाग १४६३ च्या सुमाराचा आहे. तो ‘क्रक’ पद्धतीचा आहे. एक ओकचं झाड असं निवडायचं की ज्याचं खोड वर जाताना एका बाजूला वळलेलं आहे. ते उभं चिरायचं. दोन अर्ध्या फाकी मिळतात, एकीची वाक दुसरीच्या आरशातल्या प्रतिमेसारखी. त्या जमिनीवर समोरासमोर ठेवून माथ्याशी जोडायच्या, मध्ये एक आडवी तुळई ठोकायची. मोठ्या इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट तयार होते. मग गावातले लोक जमवून ती दोरांनी आणि दांड्यांनी उभी करायची. ठरावीक अंतरावर अशा दोन-तीन चौकटी उभ्या केल्या, त्यांच्या माथ्यांवर आढं टाकलं, वासे बसवले, की घर उभं.

म्हणजे छपराचा सगळा भार आढ्यापासून थेट जमिनीत जातो. भिंतींवर काहीच नाही. भिंत फक्त वारा अडवते. भिंत काढून टाकली तरी छप्पर जागचं हलणार नाही. त्यामुळे या घरांत भिंती कितीदा बदलल्या, खिडक्या कितीदा सरकल्या, तरी सांगाडा तोच राहिला.

ही पद्धत इंग्लंडच्या मध्य, पश्चिम आणि उत्तर भागात आणि वेल्समध्ये दिसते. ईस्ट अँग्लियात आणि आग्नेय कोपऱ्यात ती जवळजवळ नाहीच. तिथे खांब-तुळयांची चौकोनी पेटी करून वर वेगळं छप्पर बसवत. शॉटरीच्या घराचा उंच भाग नंतर वाढवलेला आहे आणि त्याची बांधणी क्रकची नाही. अ‍ॅनच्या भावाने, बार्थोलोम्यूने, १६१० मध्ये घराची मालकी विकत घेतली. तोवर हे कुटुंब कूळ म्हणून राहत होतं. दोन काळांतली दोन प्रकारची सुतारकी एकाच रांगेत शेजारीशेजारी आहे आणि छपराची उंची जिथे बदलते तिथे ती चटकन कळते.

खिळे कुठेच दिसत नाहीत?

सांध्यांना खिळे नाहीतच. एका लाकडाला कुसू काढायचं, दुसऱ्याला त्याच्या मापाची खाच पाडायची आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी ठोकायची. यात एक बारकावा आहे. कुसवातलं भोक खाचेतल्या भोकाच्या रेषेत पाडत नाहीत, किंचित आत घेतात. खुंटी ठोकली की ती वाकत जाते आणि जाता जाता सांधा आवळून घेते.

लाकूड ओलं असतानाच वापरत, कारण वाळलेल्या ओकला हत्यार लागत नाही. घर उभं राहिल्यावर लाकूड सुकायचं, वळायचं, आक्रसायचं आणि सांधे आणखी घट्ट व्हायचे. तुम्हाला जमीन तिरकी, दार वाकडं, तुळई पोट काढलेली दिसते ती बहुधा यामुळे. हे सगळं पहिल्या काही वर्षांत घडून गेलेलं असतं, घर आता पडायला आलंय म्हणून नव्हे.

सांध्यांजवळ बारीक कोरलेल्या रेघा शोधा. रोमन आकड्यांसारख्या असतात. सुतार आपल्या आवारात सगळी चौकट आडवी मांडून जुळवायचा, खुणा करायचा, सोडवायचा आणि जागेवर नेऊन खुणेला खूण लावून उभी करायचा.

ही लाकडं मोडलेल्या जहाजांची आहेत असं गाइड सांगतात. खरं का?

समुद्रापासून इतक्या आत वॉरिकशरमध्ये जहाजाच्या तुळया ओढून आणण्याचं कारणच नव्हतं, ओकची झाडं दारात होती. रिकाम्या खाचा दिसतात त्यावरून ही कथा निघाली असावी. त्या खाचा बहुतेक वेळा आधीच्या घराच्या किंवा गोठ्याच्या असतात. लाकूड महाग, म्हणून जुन्या घराचं नव्याला लावत.

घराचं वय कळतं कसं? कुठे सन तर कोरलेला नाही.

तुळईत पेन्सिलएवढ्या जाडीचं पोकळ गिरमिट घालून लाकडाचा नमुना काढतात आणि वाढीची वर्तुळं मोजतात. ओल्या वर्षाचं वर्तुळ रुंद, कोरड्याचं अरुंद. हा रुंद-अरुंद क्रम त्या भागातल्या ज्ञात क्रमाशी जुळवला की झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं. साल शाबूत असेल तर कोणत्या ऋतूत तेही. लाकूड ओलंच वापरायचे, त्यामुळे तोडणी आणि बांधणी यांत सहसा वर्ष-दोन वर्षांचंच अंतर असतं.

लाकूड काळं आणि भिंत पांढरी, हाच मूळ रंग का?

बहुतेक ठिकाणी नाही. काळा रंग फासायची हौस मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी ओक उघडंच असायचं आणि उन्हापावसाने रुपेरी राखाडी व्हायचं, किंवा लाकूड-भिंत सगळ्यावरूनच चुन्याची सफेदी फिरवलेली असायची. मला राखाडी ओकच सुंदर वाटतं.

भिंती कशाच्या?

आपल्या कोकणात ज्याला कूड म्हणतात, तेच. वरच्या तुळईत भोकं आणि खालच्या तुळईत खाच, त्यांत ओकच्या उभ्या काठ्या बसवलेल्या, त्यांच्यातून हेझल या झुडपाचे फोक टोपलीसारखे विणलेले. त्यावर दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि गव्हाच्या काडाचे तुकडे मळून थापायचे. वर चुन्याचा हात. माझी आजी रत्नागिरीकडची, तिने आमच्या भिंतीचा उघडा भाग फोटोत पाहिला आणि विचारलं, “गाईचंच शेण ना?” गाईचंच.

मग सिमेंट का चालत नाही? घर उलट मजबूत होईल.

यावर मी स्वतः ठेच खाल्ली आहे, म्हणून कळकळीने सांगते.

आम्ही घर घेतलं तेव्हा बाहेरून गुळगुळीत पांढरं होतं. आधीच्या कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता. पहिल्याच हिवाळ्यात उत्तरेकडच्या खोलीत कपाटामागे भिंत ओली लागायला लागली. आम्ही ज्याला बोलावलं त्याने भिंतीत रसायन भरायचं सुचवलं आणि पैसे घेतले. ओल तशीच. शेवटी जुन्या घरांचं काम करणारा एक म्हातारा गवंडी आला. तो काही बोलला नाही. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि जोत्यावरच्या ओकच्या तुळईला टेकवून नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओल्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी चिकटलं होतं.

झालं होतं ते असं. कुडाची भिंत पाणी शोषते आणि वारा लागला की सोडते. मातीही सोडते, चुनाही सोडतो. सिमेंट सोडत नाही. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, सिमेंट हलत नाही, म्हणून दोहोंच्या सीमेवर केसाएवढी भेग पडते. पावसाचं पाणी भेगेतून आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. ते खाली उतरत जोत्याच्या तुळईत मुरतं. ओल्या ओकला बुरशी लागते आणि बुरशीने मऊ झालेल्या लाकडात डेथवॉच बीटल नावाचा भुंगा अंडी घालतो. वसंतात तो डोकं लाकडावर आपटून टकटक आवाज करतो. चारशे वर्षं उभं राहिलेलं लाकूड सिमेंटखाली तीस-चाळीस वर्षांत जातं.

गवंड्याने सिमेंटचा एक पत्रा सुटा केला तेव्हा मागे मूळ कूड होता. वाळलेल्या मातीत चार बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले होते, ज्याने थापली त्याचे. मी माझी बोटं त्यांत ठेवून पाहिली. ठसे माझ्यापेक्षा लहान होते, बाईचे किंवा पोराचे असावेत. तो तुकडा आम्ही भिंतीत होता तिथेच ठेवला आणि वरून पुन्हा चुना केला.

चुन्याचं काम हळूच होतं. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरू द्यायचा, वाळूत कालवून पातळ थर द्यायचे आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली जपायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो पुन्हा दगड होतो, त्याला वेळ लागतो. गारठ्यात तो फुटतो, म्हणून इथे हे काम साधारण एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच करतात.

छप्पर खरोखर गवताचं आहे? पाऊस झिरपत नाही?

गव्हाचं लांब काड किंवा पाणथळातला बोरू. फूटभर जाडीचा थर, उतार ४५ ते ५० अंशांचा. पाणी वरच्या इंच-दोन इंचांतूनच ओघळून वळचणीला जातं, आतलं काड कोरडं राहतं. वळचण भिंतीपासून चांगली पुढे काढलेली असते, कारण जुन्या छपरांना पन्हळ नसते.

शाकारायला हेझलच्या पिळून दुमडलेल्या काठ्या लागतात, केसांत खोचायच्या आकड्यासारख्या. त्या काडात खुपसून थर पकडून ठेवतात. काडाचं छप्पर वीसेक वर्षं जातं, चांगला बोरू चाळीसपेक्षा जास्त. आढ्यावरची टोपी मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी नवी करावी लागते.

नवं शाकारताना सगळं जुनं काढत नाहीत, वरचा कुजका थर खरवडून त्यावर नवं बसवतात. म्हणून डेव्हनसारख्या भागांत काही घरांच्या तळाच्या थरात मध्ययुगातलं काड अजून आहे, उघड्या चुलीच्या धुराने काळं झालेलं. त्यात आज शेतात न उरलेल्या गव्हाच्या आणि राय नावाच्या धान्याच्या जाती अभ्यासकांना सापडल्या. काजळीने ते टिकवलं. असा थर असलेलं छप्पर संमतीशिवाय उकलणं म्हणूनच गुन्हा आहे.

आगीचं काय?

भीती खरी आहे. लंडनमध्ये १२१२ च्या आगीनंतर गवती छपरांवर बंदी आली. शेक्सपिअरचं पहिलं ग्लोब नाट्यगृह १६१३ मध्ये प्रयोगात उडवलेल्या तोफेची ठिणगी छपरात पडून जळालं. १९९७ मध्ये उघडलेल्या नव्या ग्लोबला गवती छपरासाठी खास परवानगी काढावी लागली. शॉटरीचं घरही १९६९ मध्ये आगीत बरंच जळालं आणि दुरुस्त केलं गेलं. आमच्याकडे धुराडं दरवर्षी झाडून घेतो. विमा कंपनीही ते विचारते.

धुराडं नव्हतं तेव्हा धूर जायचा कुठून?

छपरातून, झिरपत. मूळ दालन जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळं होतं, मधोमध दगडांवर विस्तव. खिडक्यांना काच नव्हती, लाकडी गज आणि झडपा. सोळाव्या शतकात विटांची धुराडी आली आणि घर आतून बदललं. धूर नळीत गेला म्हणून मध्ये माळा टाकता आला, माळा आला म्हणून वर झोपायच्या खोल्या आल्या. १५७७ मध्ये एसेक्समधल्या विल्यम हॅरिसन या पाद्र्याने लिहून ठेवलंय की गावातली म्हातारी माणसं तीन गोष्टी फार बदलल्या म्हणतात, आणि त्यांत पहिली म्हणजे जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी. शॉटरीच्या घरात हाच बदल झाला.

दारं इतकी बुटकी का? माणसं ठेंगणी होती?

फारशी नाही. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ जहाजावरच्या खलाशांची सरासरी उंची सुमारे ५ फूट ७ इंच भरली. लहान दारातून ऊब कमी जाते, आणि नंतर टाकलेल्या माळ्याने डोक्यावरची जागा खाल्ली. वाकून जा, एवढंच.

असं घर घेतलं तर स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवता येईल का? आपली फोडणी म्हणजे...

येईल, पण भिंतीला भोक पाडायच्या आधी संमती. अर्जाला फी नाही. आमच्या वेळी नगरनियोजन खात्याच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसर बाई घरी येऊन गेल्या, ओकला हात न लावता विसाव्या शतकातल्या विटांच्या भिंतीतून नळी काढायला त्यांनी मान्यता दिली. आधी विचारलं की वाट निघते, हा आमचा अनुभव. दुहेरी काचेच्या खिडक्या जुन्या चौकटीत बसवायला सहसा परवानगी मिळत नाही, आतून दुसरी काच लावायला बहुधा हरकत नसते.

नोंदवून ठेवा: यादी घराच्या आतबाहेर दोन्हीला लागू असते, दाराच्या बिजागरीपासून धुराड्यापर्यंत. आवारातलं १ जुलै १९४८ पूर्वीचं बांधकामही तिच्यात येतं. विनासंमती काम हा फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, आधीच्या मालकाने चोरून केलेला बदल पूर्ववत करायची नोटीस तुम्हाला येऊ शकते, तिला मुदतीचं बंधन नाही. खरेदीपूर्वी वकिलाला सगळ्या संमतीपत्रांची यादी मागायला सांगा.

जसंच्या तसं, त्याच साहित्याने केलेल्या किरकोळ दुरुस्तीला सहसा संमती लागत नाही. शंका असली तर फोन करून विचारा.

समोरची फुलबाग तेव्हाचीच का?

नाही. हॅथवेंच्या वेळी तिथे शेताचं अंगण होतं, जनावरं, चिखल, कोंबड्या. बाग नंतरची.

शॉटरीला गेलो तर काय पाहू?

कुटुंबाच्या वंशजांकडून शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने हे घर १८९२ मध्ये घेतलं. आत गर्दी तिथल्या जुन्या पलंगापाशी होते, तिथे थांबू नका. जुन्या भागात क्रकची वाकलेली फाक कुठे दिसते ते शोधा आणि नजर तिच्यावरून खालून वर न्या. एकाच झाडाचा बाक लक्षात येतो. मग बाहेर या, लांब जाऊन आढ्याची रेघ पाहा, ती सरळ नाही. पाऊस असेल तर आणखी बरं. वळचणीखाली भिंतीला लागून उभे राहा. समोर पाण्याची झालर पडत असते आणि पाठीमागची भिंत कोरडी असते.